शेठ (खानदेश)

शेठ : खानदेशात पेढी, आडत (दलालीवर दुसऱ्याचा माल विकण्याचा धंदा) किंवा जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) चालवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावामागे लागणारी उपाधी. विसाव्या शतकात तालुक्याच्या गावातील काही शेठ नगरपालिका व बाजार समितीच्या वाटेने विधिमंडळात पोचले. त्यामुळे ही उपाधी व्यापाराइतकीच प्रादेशिक राजकारणाशीही जोडली गेली.

संस्कृत ‘श्रेष्ठिन्’, पाली ‘सेट्ठि’ ही व्युत्पत्ती सर्वमान्य आहे. मतभेद आहे तो शब्द खानदेशात कसा रुजला याबद्दल. मराठा अमलात पेठेला शेटे व महाजन असे दोन वतनदार असत. पेठ वसवणे, उदमी (व्यापारी) लोकांना कौल (अभय व सवलतींचे लेखी आश्वासन) देऊन आणणे, त्यांचे तंटे मिटवणे ही त्यांची कामे. मोबदल्यात दुकानांकडून मालाच्या रूपाने हक्क मिळत. आजचा शेठ हा या शेट्यांचाच वारस, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार सुरत–नंदुरबार–बऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी मार्गाने आलेल्या गुजराती व पुढे मारवाडी व्यापाऱ्यांनी हा शब्द आणला. वतनी शेटेपण वंशपरंपरेने एखाद्या घराण्याकडे असे. शेठ मात्र गावात दहा असू शकतात. शिवाय वतनाच्या नावात ‘ट’ आहे, उपाधीत गुजरातीप्रमाणे ‘ठ’. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि ‘महाजन’ हे आडनाव खानदेशात शेती करणाऱ्या अनेक घरांत आढळते. ते बहुधा जुन्या वतनाच्या स्मृतीतून आले असावे. म्हणून पहिले मत सर्वस्वी टाकून देता येत नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) कापसाचे भाव चढले, त्याच सुमारास रेल्वे आली आणि पेढ्या वाढल्या. कापसाचा सौदा रुमालाखाली होई. आडत्या व खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. गाडीशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव शेवटी कळे. हा अन्याय लहान नव्हता. मुंबई इलाख्याचा 1927 चा कापूस बाजार कायदा, 1939 चा शेतमाल बाजार कायदा आणि महाराष्ट्राचा 1963 चा अधिनियम यांनी उघड लिलाव, प्रमाणित वजन व परवाना आणला. पुढे रूढ झालेल्या रचनेनुसार बाजार समितीच्या 18 निवडून आलेल्या सदस्यांपैकी 15 शेतकरी, 2 व्यापारी-आडते व 1 हमाल-मापाडी. संख्येने शेठ अल्पमतात गेला. पण पेरणीच्या वेळची उचल तोच देत असल्याने त्याचा शब्द एवढ्याने हलका झाला नाही. कापसाच्या व्यापाराला मोठा धक्का बसला तो 1972 पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेने, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याच्या योजनेने.

ब्रिटिश सरकारच्या 1919 च्या (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणांनुसार प्रांतिक विधिमंडळाचा मताधिकार सारा, कर किंवा मालमत्ता यांवर अवलंबून होता. साहजिकच पेढीवाल्याला मत होते, त्याच्या हमालाला बहुधा नव्हते. 1952 ची निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली आणि शेठला त्याच हमालाच्या दारी मत मागायला जावे लागले. हा बदल या उपाधीच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा मानावा लागेल. विधानसभेसाठी खेड्यांतील मते लागत. तेथे शेतकरी जातींची संख्या भारी पडे, म्हणून व्यापाऱ्याला खेड्यांत जोडीदार शोधावे लागत. विधान परिषदेची स्थानिक प्राधिकारी संस्थांची वाट त्यामानाने ओळखीची होती : मतदार म्हणजे नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्य, म्हणजे बहुतेक रोजच्या उठबशीतले. या भागात जळगाव आणि धुळे-नंदुरबार असे दोन मतदारसंघ आहेत (नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झाला).

निवडून आलेल्या शेठची पेढी सहसा बंद होत नाही. पांढरी गादी, मागे लोड, समोर उतरती पेटी हीच आमदाराची बैठक होते. दाखल्यासाठी आलेला माणूस व हिशेबाला आलेला शेतकरी एकाच सतरंजीवर बसतात. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढून तिची पूजा होते. त्या दिवशी आमदार मुंबईत असला, तर गादीवर धाकटा भाऊ किंवा मुलगा बसतो.