ग्रामीण पाणी योजनेची देखभाल आणि नूतनीकरण

लहान वस्तीला नळाने पाणी पुरवणारा उद्भव (म्हणजे विहिरीसारखा पाण्याचा स्रोत), पंप, टाकी आणि नलिकांचे जाळे रोज चालू ठेवणे, तसेच त्यांतले जीर्ण किंवा अपुरे पडू लागलेले भाग वेळेवर बदलणे, अशी दोन्ही कामे या विषयात येतात. योजना उभारताना मंजुरी, निधी, उद्घाटन सगळे होते. देखभालीच्या वाट्याला यांतले काही येत नाही, आणि मुदतीआधी बंद पडलेल्या योजनांची कहाणी बहुधा इथूनच सुरू होते.

लहान गावाची अडचण शहरापेक्षा वेगळी असते. नळजाळ्याचा खर्च मुख्यतः नलिकांच्या लांबीवर ठरतो. विरळ वस्तीत दर घरामागे येणारी नलिका शहरापेक्षा कितीतरी लांब असते, आणि तो भार वाटून घ्यायला घरे मात्र थोडी. शहरात एक पंप बंद पडला तर दुसरा सुरू करतात. गावात पुष्कळदा पंप एकच, उद्भव एकच आणि सगळे ठाऊक असलेला माणूसही एकच असतो. त्यामुळे गावात किरकोळ बिघाडही सगळ्या वस्तीचे पाणी तोडतो.

गळती आणि दाब

जमिनीखालची गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती मोजूनच शोधावी लागते. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या मुख्य नलिकेवर एक मीटर बसवणे ही यातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट. चोवीस तास पाणी असलेल्या जाळ्यात रात्री दोन ते चारच्या सुमारास वापर जवळजवळ थांबतो. त्या वेळीही मीटर फिरत असेल, तर ते पाणी बहुतांशी जमिनीत जात असते. मग एकेका भागाची झडप बंद करून प्रवाह कुठे एकदम घटतो ते पाहिले, की गळतीचा पट्टा सापडतो. अर्थात त्यासाठी झडपा फिरायला हव्यात. वर्षानुवर्षे न फिरवलेली झडप गंजून जागीच बसते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी तिची दांडी तुटते. प्रत्येक झडप वर्षातून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडणे याला काही खर्च नाही, तरी हे काम सर्वांत आधी मागे पडते.

दाब कमी केल्यानेही गळती घटते. लोखंडी नलिकेतल्या गोल भोकातून जाणारे पाणी दाब निम्मा केल्यावर सुमारे तीस टक्के कमी होते. प्लॅस्टिकच्या नलिकेतली उभी चीर दाबाबरोबर रुंदावते, म्हणून तिथे दाब निम्मा केला तर गळती जवळजवळ एक तृतीयांशावर येते. चढउताराच्या गावात खालच्या आळीला दाब कमी करणारी झडप बसवली, तर एकही नलिका न बदलता बरेच पाणी वाचते.

पाणी दिवसातून तासभरच सोडण्याची पद्धत पाणी वाचवण्यासाठी स्वीकारली जाते, पण तिची किंमत आरोग्याने चुकवावी लागते. नलिका रिकामी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या दाबाखाली जाऊ शकतो, आणि ज्या भोकातून एरवी पाणी बाहेर जाते त्यातूनच गटाराचे किंवा साचलेले पाणी आत ओढले जाते. रोजच्या भरण्या-रिकामे होण्याने सांधे सैल होतात आणि कोंडलेल्या हवेने मीटर खोटे आकडे दाखवतात. गळती दुरुस्त न करता वेळापत्रक आखडते घेणे म्हणजे पाण्याची नासाडी तशीच ठेवून त्यात दूषितीकरणाची भर घालणे.

पंप आणि वीज

ग्रामीण पंपाच्या मोटरी जळतात त्याचा दोष अनेकदा पंपचालकावर येतो. कारण मात्र पुष्कळदा वीजवाहिनीत असते. लांब वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज कमी असतो आणि तीन फेजांवरचा भार असमान असतो. फेजांच्या व्होल्टेजमध्ये अवघा साडेतीन टक्के असमतोल आला, तरी मोटरची तापमानवाढ सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त होते. मोटरच्या तारांवरील विद्युतरोधक वेष्टणाचे तापमान कायम दहा अंश सेल्सिअसने चढे राहिले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा विद्युत अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून फेज तुटल्यास किंवा व्होल्टेज घसरल्यास मोटर आपोआप बंद करणारा रिले हा पंपघरातला अत्यावश्यक भाग समजला पाहिजे.

दुसरा धोका पाण्याच्या धक्क्याचा. वीज अचानक गेली किंवा झडप झटक्यात मिटली की वाहत्या पाण्याचा वेग दाबात बदलतो. लोखंडी नलिकेत दर सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी एकाएकी थांबले, तर सुमारे १०० मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका जादा दाब येतो. चढवाहिनीचे, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंतच्या नलिकेचे, सांधे वारंवार निखळत असतील तर नलिकेची प्रत तपासण्याआधी पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि हवा सोडणाऱ्या झडपा नीट चालतात का, हे पाहावे.

निर्जंतुकीकरण आणि वॉकर्टनचा धडा

क्लोरीन टाकला एवढ्याने भागत नाही, तो नळापर्यंत उरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार किमान तीस मिनिटांच्या संपर्कानंतर पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त (जंतू मारायला अजून शिल्लक असलेला) क्लोरीन असावा आणि शेवटच्या नळाला तो ०.२ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये. ही तपासणी टाकीजवळ करून उपयोग नाही, ती सर्वांत दूरच्या घरी केली पाहिजे. क्लोरीन वाटेतच संपत असेल तर कुठेतरी घाण आत येत आहे किंवा नलिकेत गाळ साचला आहे, एवढे त्यावरून कळते.

हे साधे मोजमाप टाळल्यावर काय होते, ते कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या शेतीप्रधान गावाने मे २००० मध्ये अनुभवले. जोरदार पावसाने जवळच्या शेतातल्या गुरांच्या शेणखताचे पाणी एका उथळ विहिरीत उतरले आणि ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू नळांतून घरोघर पोचला. ७ जण दगावले आणि २,३०० हून अधिक आजारी पडले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत उघड झाले की, क्लोरीनचे प्रमाण रोज मोजण्याऐवजी नोंदवहीत मनाने आकडे लिहिले जात होते. हे काही एका आठवड्याचे नव्हते, वर्षानुवर्षांची ती रीत झाली होती. दूषित नमुन्यांचा अहवाल हाती आल्यावरही पाणी चांगले असल्याचे आरोग्य खात्याला सांगण्यात आले. शेवटी २१ मे रोजी पाणी उकळून पिण्याची सूचना त्या खात्याने स्वतःच्या संशयावरून दिली. त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती तर साथ टळली असती, असा २००२ च्या अहवालाचा निष्कर्ष आहे. चालवणाऱ्यांना प्रशिक्षण नव्हते आणि स्वच्छ दिसणाऱ्या, चवीला चांगल्या पाण्याला क्लोरीनची गरज नाही असा त्यांचा समज होता. तो समज आजही अनेक गावांत ऐकू येतो, म्हणून ही घटना प्रत्येक पंपचालकाला सविस्तर सांगायला हवी.

दुरुस्ती कोणाच्या हाती

१९८१ ते १९९० हे आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक म्हणून पाळले गेले. गावाला स्वतः सांभाळता येईल अशीच यंत्रणा बसवावी, हा विचार त्या काळात रुजला. हातपंपाच्या इतिहासात तो स्पष्ट दिसतो. घरगुती वापरासाठी घडवलेले ओतीव लोखंडाचे पंप सबंध गावाच्या वापराखाली टिकेनात, तेव्हा पोलादी जालना पंप आणि सोलापूर पंप पुढे आले आणि त्यांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात इंडिया मार्क २ घडला. तो दणकट होता, पण विहिरीतला दट्ट्या किंवा वॉशर बदलायलाही संपूर्ण नलिका वर ओढावी लागे आणि त्यासाठी गाडी, तिपाई व पथक लागे. मार्क ३ मध्ये नलिकेचा व्यास वाढवून दट्ट्या नलिकेतूनच वर काढता येईल अशी रचना केली. या एका बदलाने तालुक्याच्या पथकावाचून दुरुस्ती शक्य झाली. नळयोजनेतही नवे उपकरण निवडताना त्याची कार्यक्षमता पाहिली जाते. त्याचा सुटा भाग जवळच्या बाजारात मिळतो का, हा प्रश्न बहुधा मागाहून सुचतो.

नूतनीकरणाचा क्रम

निधी आला की आधी मोठी टाकी बांधण्याकडे कल असतो, कारण ती दुरून दिसते. क्रम मात्र मोजणी, गळती, झडपा, मग नलिका आणि शेवटी साठवण असा ठेवणे हिताचे. गळती काढण्याआधी ठरवलेली टाकी आणि पंप गळक्या पाण्याच्या हिशेबाने मोठे होतात, आणि त्यांचे वीजबिल गाव पुढची अनेक वर्षे भरते.

नलिका बदलताना व्यास फार महत्त्वाचा. प्रवाह तोच ठेवला तर घर्षणातला दाबक्षय व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १०० मिलिमीटरच्या लोखंडी नलिकेत गंजाचे थर बसून मोकळा व्यास ८० मिलिमीटर उरला, की क्षय सुमारे तिप्पट होतो. आतल्या खडबडीतपणाची भर वेगळीच. शेवटच्या घराला पाणी चढत नाही म्हणून मोठा पंप घेण्याची मागणी होते, तेव्हा मधल्या नलिकेचा एक तुकडा कापून आत डोकावून पाहणे कधीही स्वस्त. ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नलिका आम्लधर्मी, मृदू पाण्याने आतून मऊ होतात. त्या कापताना तंतू हवेत उडतात आणि ते श्वासावाटे जाणे घातक असते, म्हणून अशा नलिका पुष्कळदा जमिनीतच सोडून शेजारून नवी वाहिनी टाकतात. पीव्हीसी उन्हात ठेवली की ठिसूळ होते. ती गाडण्याआधी कित्येक महिने उघड्यावर पडून असेल तर नव्या कामाचे आयुष्य तिथेच घटते.

नवी वाहिनी जोडण्यापूर्वी तिची चालू दाबाच्या साधारण दीडपट दाबाने चाचणी घेतात. मग आत लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीनचे पाणी भरून चोवीस तास ठेवतात, धुऊन काढतात आणि नमुना निर्दोष आल्यावरच पाणी सोडतात. खंदक उघडा असतानाच प्रत्येक झडपेचे आणि सांध्याचे ठिकाण पक्क्या खुणांपासून मोजून नकाशावर उतरवावे. एरवी हा नकाशा एका पंपचालकाच्या डोक्यात राहतो आणि तो निवृत्त झाला की गाव आपलीच नलिका शोधत रस्ते खोदते.

पाणीपट्टीत रोजच्या खर्चाबरोबर पंप आणि नलिकांच्या झिजेपोटी काही रक्कम बाजूला पडली पाहिजे आणि ती वेगळ्या खात्यात राहिली पाहिजे. एवढे करूनही एकट्या गावाला कुशल तंत्रज्ञ परवडत नाही. अमेरिकेत यावर फिरत्या तंत्रज्ञाचा मार्ग निघाला: सर्किट रायडर म्हणून ओळखला जाणारा अनुभवी माणूस अनेक लहान योजनांना आळीपाळीने भेट देतो, गळती शोधतो, क्लोरीन तपासतो आणि स्थानिक चालकाला कामावरच शिकवतो. मध्य अमेरिकेतल्या खेड्यांनीही ही पद्धत उचलली. यात योजना गावाच्याच मालकीची राहते आणि तंत्रज्ञाचा पगार तेवढा अनेक गावांत वाटला जातो.