आपल्याच पक्षातला माणूस जास्त का खुपतो?

सातारा-सांगलीकडे साखर कारखान्याची निवडणूक लागली की समोरासमोरची दोन्ही पॅनल पुष्कळदा एकाच पक्षाची असतात. विधानसभेला एका गाडीतून फिरलेले कार्यकर्ते कारखान्याला एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आपण त्याला भाऊबंदकी म्हणून मोकळे होतो. पदं, प्रतिष्ठा, जुनी वैरं ही कारणं खरीच आहेत. पण भांडण निव्वळ विचारांचं असतं तेव्हाही हेच दिसतं. एका गटाला बदल आत्ताच हवा असतो, दुसरा सगळ्यांना सोबत घेऊन हळूहळू जाऊ म्हणतो, आणि दोघांचा राग विरोधी पक्षापेक्षा एकमेकांवरच जास्त निघतो.

हे असं का होतं, यावर सामाजिक मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. १९८८ साली होजे मार्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियमच्या विद्यार्थ्यांना काही माणसांविषयी मत द्यायला सांगितलं. त्यात आपले बेल्जियन होते आणि परके, उत्तर आफ्रिकेतलेही होते. दोन्हींकडे चांगली माणसं होती आणि नकोशीही. आपल्यातल्या चांगल्या माणसाला झुकतं माप मिळालं, यात नवल नाही. पण आपल्यातल्या नकोशा माणसाला परक्या नकोशा माणसापेक्षाही कमी लेखलं गेलं. या प्रकाराला ‘काळी मेंढी परिणाम’ म्हणतात. परका चुकला तर आपल्या नावाला बट्टा लागत नाही. आपला चुकला की ‘आपण कोण’ हाच प्रश्न उभा राहतो. पक्षातल्या जहालाला मवाळ माणूस विकला गेल्यासारखा वाटतो आणि मवाळाला जहाल माणूस पक्ष बुडवणारा वाटतो, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. दोघांना एकाच झेंड्याचा अर्थ ठरवायचा असतो.

तरीही एवढ्याने पक्ष फुटत नाही. मतं दूर सरकावी लागतात, आणि ती कशी सरकतात हे २००५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात झालेल्या एका प्रयोगात दिसतं. बोल्डर हे उदारमतवादी वळणाचं शहर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज परंपरावादी. दोन्हीकडच्या नागरिकांना आपापल्या गावात पाच-सात जणांच्या गटांत बसवलं आणि जागतिक तापमानवाढीसारख्या तीन विषयांवर चर्चा करायला सांगितली. चर्चेआधी आणि नंतर प्रत्येकाचं मत गुप्तपणे नोंदवलं. उदारमतवादी आणखी उदारमतवादी झाले, परंपरावादी आणखी परंपरावादी. दोन शहरांमधलं अंतर वाढलंच, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की गटांच्या आतले बारीकसारीक फरकही कमी झाले. गट फक्त दहा होते, तेव्हा एकट्या या प्रयोगावर फार भार टाकू नये. मात्र पॅरिसच्या शाळकरी मुलांवर केलेल्या चाचण्यांतून सर्ज मॉस्कोव्हिसी आणि मारिसा झावालोनी यांनी १९६९ मध्येच हा कल दाखवून दिला होता. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्याविषयी आधीच बरं बोलणारी मुलं आपसात बोलल्यावर त्यांचं आणखी कौतुक करू लागली आणि अमेरिकनांविषयीची नाराजी आणखी वाढली.

याची कारणं दोन सांगितली जातात. सगळे एकाच बाजूचे असले की त्याच बाजूचे नवनवे मुद्दे कानावर पडतात, उलट मुद्दा मांडायला कुणी नसतंच. शिवाय प्रत्येकाला आपल्या गटात आपण इतरांपेक्षा कमी निष्ठावान दिसू नये असं वाटतं, म्हणून तो एक पाऊल पुढे टाकतो. दुसरा पुढे टाकलेलं ते पाऊल बघतो आणि आपलंही टाकतो. हल्ली ही बैठक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर चोवीस तास चालू असते.

आता आपल्याच मातीतलं उदाहरण बघू. येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आणि देवराष्ट्रेत जन्मलेले यशवंतराव चव्हाण. दोन्ही गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत, तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. १९४२च्या लढ्यात दोघे एकाच बाजूला होते. काँग्रेसच्या आत तेव्हा वेगळे गट उघडपणे नांदत असत: समाजवाद्यांचा पक्ष १९३४ पासून काँग्रेसमध्ये राहूनच काम करत होता, आणि १९४७ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार संघ काढला तोही काँग्रेसमध्ये राहूनच. १९४८च्या सुरुवातीला काँग्रेसने नियम बदलला आणि स्वतंत्र घटना, स्वतंत्र कार्यक्रम असलेल्या गटांना आत जागा उरली नाही. त्याच वर्षी समाजवादी नाशिकच्या अधिवेशनात बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्षही वेगळा झाला. नाना पाटील शेकापबरोबर गेले, यशवंतराव काँग्रेसमध्ये राहिले. १९५७ला, संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात, नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले, तर मुख्यमंत्री असलेल्या यशवंतरावांना कराडची जागा राखताना दम लागला. जेधे मात्र तोवर काँग्रेसमध्ये परतले होते.

या फुटीला इतरही कारणं होती. प्रदेश काँग्रेसच्या नेतृत्वाविषयी बहुजन कार्यकर्त्यांच्या मनात असलेली नाराजी हे त्यातलं मोठं. पण आत राहून वेगळं बोलायची वाट बंद झाली आणि माणसं बाहेर पडली, हा क्रम डोळ्यांत भरतो. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये हेच सूत्ररूपात मांडलं: संस्था बिघडतेय असं वाटलं की माणसाकडे दोन मार्ग असतात, आवाज उठवणं किंवा निघून जाणं, आणि निष्ठा त्याला निघून जाण्याआधी थोडं थांबवते.

थांबण्याचा उपयोग होतो का? मॉस्कोव्हिसी यांनी १९६९ मध्येच हेही तपासलं. सहा जणांना निळ्या रंगाच्या स्लाइड दाखवल्या. त्यातले दोघे संशोधकांचे साथीदार होते आणि प्रत्येक स्लाइडला ‘हिरवा’ म्हणत होते. बाकीच्यांनीही सुमारे ८ टक्के वेळा ‘हिरवा’ असं उत्तर दिलं. साथीदार कधी हिरवा, कधी निळा म्हणू लागले तेव्हा हे प्रमाण सव्वा टक्क्यावर आलं. ८ टक्के म्हणजे फार नव्हे. तरी संख्येने थोडे असलेले लोक ठाम, एकसारखं बोलत राहिले तर बहुसंख्याकांना हलवू शकतात. त्यासाठी त्यांना खोलीत असावं लागतं.

अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाने हे जमवलं आहे. तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, पुरोगाम्यांचा गट १९९१ पासून आहे आणि मध्यममार्गी ‘ब्लू डॉग’ गट १९९५ पासून. दोघे एकमेकांची विधेयकं अडवतात, कडाडून भांडतात आणि निवडणुकीत एकाच चिन्हाखाली उभे राहतात. आपल्याकडे १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने बाहेर पडणं महाग केलं आणि पक्षादेशाने सभागृहातला आवाजही बांधला. एक तृतीयांश सदस्यांनी फुटण्याची मुभा २००३ मध्ये गेली.

पण हा कायदा सभागृहापुरता आहे. विटा, तासगाव, कराडच्या पक्ष कार्यालयात तो आड येत नाही. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिशकिन यांच्या पद्धतीने १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडलेले नागरिक मँचेस्टरला गुन्हेगारीच्या प्रश्नावर चर्चेला बसवले होते: गट मिसळून केलेले, दोन्ही बाजूंची माहिती आधी दिलेली, आणि कुणा एकानेच बोलत राहू नये म्हणून प्रत्येक गटात एक सूत्रधार. अशा बैठकांत मतं बदलतात, पण टोकाला सरकतीलच असं नसतं. तालुक्याच्या बैठकीत नेहमीची माणसं नेहमीच्या कोंडाळ्यात बसतात. कर्जमाफी किंवा उसाच्या पाण्यासारख्या एखाद्या विषयावर एकदा तरी चिठ्ठ्या टाकून दोन्ही गटांची माणसं मिसळून बसवावीत, आणि आधी व नंतर प्रत्येकाचं मत गुप्तपणे लिहून घ्यावं. खर्च फक्त चहाचा आणि कागदाचा आहे.