खुलासा : अमेरिकेतल्या ‘बीफ हमी’चा पैसा कुणाचा?

अमेरिकेतली ‘बीफ क्वालिटी अ‍ॅश्युरन्स’ ही गुरं सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण देणारी योजना सरकारी तिजोरीतून चालते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. तिकडे जनावर विकलं की दर डोई एक डॉलर कापला जातो. त्याला ‘चेकऑफ’ म्हणतात. तेच जनावर पुन्हा विकलं, की पुन्हा एक डॉलर. योजनेचा मुख्य आधार हाच पैसा.

मग गैरसमज आला कुठून? चेकऑफचा कायदा संसदेचा, १९८५ सालचा. देखरेख कृषी खात्याची. आणि डॉलर भरणं सक्तीचं. १९८८ च्या पशुपालकांच्या मतदानात सुमारे ७९ टक्के कौल या सक्तीच्या बाजूने पडला. २००५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने, चेकऑफच्या पैशातून होणारी जाहिरात म्हणजे सरकारचंच म्हणणं, असं ठरवलं. म्हणणं सरकारचं, खिसा पशुपालकाचा! काही पशुपालक यावर कुरकुरतात, ते काही उगाच नाही.

दुसरी गल्लत म्हणजे ही हमी मऊ मांसाची आहे, ही. ‘प्राइम’, ‘चॉइस’ हे मांसाचे दर्जे वेगळे. ते कृषी खातं देतं आणि त्याचं शुल्क मांस कंपन्या भरतात. या योजनेत प्रशिक्षण मिळतं ते गुरं सांभाळणाऱ्या माणसाला. उदाहरणार्थ, सुई जनावराच्या मागच्या पुठ्ठ्यात टोचायची नाही, खांद्याच्या पुढे मानेत टोचायची; एका जागी १० मिलीपेक्षा जास्त औषध नाही. पुठ्ठ्यात टोचलं, तर आत व्रण राहतो आणि भोवतालचं मांस चिवट होतं. मानेचं मांस मुळात स्वस्त. थोडं कापून टाकलं तरी फारसं बिघडत नाही.