सेल मोठा झाला म्हणून त्याची बॅटरी होत नाही

‘छोटा तो सेल, मोठी ती बॅटरी.’ याचाच जुळा भाऊ म्हणजे ‘वापरून फेकायचा तो सेल, चार्ज करायची ती बॅटरी.’ दोन्ही साफ चूक, आणि दोन्ही मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो.

सेल काय असतो ते शाळेत झालंच आहे: दोन इलेक्ट्रोड, मध्ये इलेक्ट्रोलाइट, एकीकडून इलेक्ट्रॉन सुटतात, दुसरीकडे घेतले जातात. अशी एक जोडी म्हणजे एक सेल. असे अनेक सेल तारेने किंवा पट्टीने जोडले की बॅटरी. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्यांची चळत जगापुढे मांडली, ती बॅटरीच होती.

आकाराचा मुद्दा दोन ओळींत संपतो. रिमोटमधला बारका ट्रिपल-ए आणि जुन्या टॉर्चमधला जाडजूड डी, दोन्ही १.५ व्होल्टचेच. व्होल्टेज ठरवतं रसायन. आकार वाढला की तो जास्त वेळ चालतो, इतकंच. उलट ९ व्होल्टची चिमुकली चौकोनी वस्तू अस्सल बॅटरी आहे, आत १.५ व्होल्टचे सहा सेल असतात. आणि रोज चार्ज होणारी मोबाइलची ‘बॅटरी’ बहुतेक वेळा लिथियम-आयनचा एकच सेल असते. तिला बॅटरी म्हणा, माझी हरकत नाही.

हरकत आहे ती बॅटरीला एकच मोठी टाकी समजण्याला. २००० मिलीॲम्पिअर-अवर क्षमतेचे चार सेल एकामागे एक, म्हणजे एकसर जोडले, की लोक खुशाल ८००० म्हणून मोकळे होतात. नाही. १.५ व्होल्टचे ६ व्होल्ट झाले, पण क्षमता २०००च राहिली. ऊर्जा चौपट झाली ती व्होल्टेजमुळे. क्षमतेची बेरीज समांतर जोडणीत, म्हणजे सगळी धन टोकं एकत्र आणि सगळी ऋण टोकं एकत्र जोडल्यावर होते, आणि तिथे व्होल्टेज वाढत नाही.

एकसर जोडणीत सगळ्या सेलमधून तोच करंट वाहतो. कोणाला सवलत नाही. आता चारांतला एक जुना आहे असं धरा. तो आधी रिकामा होतो, पण उरलेले तिघे थांबत नाहीत; त्याच्यातूनही करंट ढकलत राहतात. त्याचं व्होल्टेज शून्यावर येतं, मग उलट्या दिशेला जातं. आत वायू साठतो, सील सुटतं, आणि अल्कलाइन सेल असेल तर कप्प्यातल्या स्प्रिंगवर ती ओळखीची पांढरी भुकटी जमते. ‘अहो, तीन तर नवे घातलेत!’ म्हणूनच तर झालं. बदलायचे तर चारही बदला, आणि एकाच प्रकारचे घ्या.

गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतही हेच. आत लेड-ॲसिडचे सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट, पूर्ण चार्ज होऊन निवांत पडलेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. नुसती उतरलेली बॅटरी चार्ज केल्यावर तिथवर परत येते. पण रात्रभर चार्जिंग करूनही आकडा १०.५ लाच अडकला, तर एक सेल आतून शॉर्ट झालाय, असं बहुधा समजावं. अशी बॅटरी पुन्हा पुन्हा चार्जरला लावण्यात हशील नाही. चार्जर १४.४ व्होल्ट देतो ते सहा सेल धरून, प्रत्येकी २.४. ते पाचांत वाटले गेले की प्रत्येकाला जवळपास २.९ मिळतात, धडधाकट सेलही तापतात आणि त्यांचं पाणी उडतं.

इलेक्ट्रिक गाडीच्या पॅकमध्ये तर शेकडो, कधी हजारो सेल. म्हणून तिथली बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सेलवर पहारा ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, नुसतं एकूण व्होल्टेज पाहून समाधान मानत नाही. समांतर जोडलेल्या प्रत्येक गटाचं व्होल्टेज वेगळं मोजते. एक गट खालच्या मर्यादेला टेकला की सगळा पॅक बंद, बाकीच्यांत चार्ज शिल्लक असला तरी. चार्जिंग करतानाही पहिला गट वरच्या मर्यादेला पोचला की हात आखडता घेते.