खचलेला कोबा व त्याची दुरुस्ती

जोत्याभोवती, अंगणात किंवा गाडी लावण्याच्या जागेत घातलेले काँक्रीट खाली बसणे, भिंतीपासून सुटणे किंवा एका कडेने वर येणे, हा बैठ्या घरांत नेहमी आढळणारा दोष. तो बहुधा काँक्रीटचा नसून खालच्या भरावाचा आणि पाण्याचा असतो. पाया खोदताना निघालेली मातीच पुन्हा जोत्यालगत लोटली जाते; पाणी मारून धुम्मस करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. पुढच्या पावसाळ्यांत ती बसत जाते आणि वरचा 75 ते 100 मिमी जाडीचा थर अधांतरी राहतो. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येतो तो या पोकळीमुळे.

काळ्या जमिनीत दुखणे वेगळे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे मे महिन्यात खचलेली फरशी ऑगस्टमध्ये वर आलेली दिसू शकते. अशा ठिकाणी एक पावसाळा पाहून मगच दुरुस्तीला हात घालावा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे 1 मीटर थर देण्याची पद्धत मांडली. कालव्यांसाठी ती उपयोगी ठरली. अंगणासाठी एवढा खर्च क्वचितच परवडतो, तेथे दाबलेल्या मुरमावर भागवतात.

खड्ड्यावर नुसता माल ओढणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाया जाणारा उपाय आहे. पोकळी तशीच राहते, वर वजन वाढते आणि पातळी ओलरोधक थराच्या वर गेली तर भिंतीला ओल धरते. आधी गळके नळ, चेंबर आणि पन्हळीचे पाणी पाहावे. मग खचलेला भाग फोडून सैल माती काढतात, 15 सेमीच्या थरांत मुरूम भरून पाणी मारून ठोकतात, त्यावर दगडी सोलिंग (रचून बसवलेल्या दगडांचा थर) व काँक्रीट घालतात. उतार भिंतीपासून बाहेर, मीटरला सुमारे 2 सेमी ठेवतात; भिंतीलगतचा सांधा डांबरी फिलरने भरतात.

काँक्रीट अखंड असेल तर न फोडता उचलताही येते. अमेरिकेत रूढ असलेल्या या पद्धतीत फरशीला भोके पाडून खाली सिमेंट-मातीचा राडा दाबाने भरतात. अलीकडे फुगणारा पॉलियुरेथेन फोमही वापरतात. फोमला जेमतेम दीड सेंटिमीटरची भोके पुरतात, पण तुकडे झालेल्या कोब्याला यातली कोणतीच रीत लागू पडत नाही.