झेनमध्ये श्वास पोटात कधी उतरला?

बुद्धाच्या आनापानसती सुत्तात पोटाचा उल्लेखच नाही. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, हे ओळखत राहायचं. तो बेंबीखाली ओढा, दाबून धरा असं तिथे कुठेही सांगितलेलं नाही. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही श्वास जसा आहे तसाच ठेवतात आणि लक्ष नाकपुड्यांपाशी असतं.

झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाला पोट मिळालं ते चीनमध्ये. १४८ साली पार्थियाचा (प्राचीन इराणचा) भिक्षू आन शिगाओ लोयांगला आला आणि त्याने श्वासध्यानाचे ग्रंथ चिनी भाषेत आणले. बेंबीखाली ‘दान्त्येन’ नावाचं प्राणशक्तीचं कोठार असतं, ही ताओपंथी कल्पना मात्र चीनची स्वतःची. पुढे तियानताई या चिनी बौद्ध पंथाच्या झियीने (५३८–५९७) ध्यानावर लिहिताना दोन्ही एकत्र आणलं. पण त्याने चित्त बेंबीखाली ठेवायला सांगितलं ते आजारांवरच्या उपायांमध्ये. मूळ ओढ औषधाची होती, मनःशांतीची नव्हे, असं मला तरी वाटतं.

जपानमध्ये सोतो झेन पंथाचा संस्थापक दोगेन याला (१२००–१२५३) तंत्राचं कौतुक नव्हतं. श्वास मोजणं त्याला हीनयानी वाटे. त्याचे चिनी गुरू रुजिंग म्हणत, श्वास तांदेनपर्यंत पोचतो, पण तो कुठून आला असं ठिकाणच नाही; म्हणून तो लांबही नाही आणि आखूडही नाही. (तांदेन म्हणजे तेच दान्त्येन, जपानी उच्चारात.)

मग आला जपानी झेन गुरू हाकुइन (१६८६–१७६९). तरुणपणी साधनेचा अतिरेक करून तो आजारी पडला: डोक्यात आग, पाय बर्फासारखे गार, कानांत सतत ओढ्याचा आवाज. क्योतोजवळच्या शिराकावा डोंगरातल्या हाकुयू नावाच्या एकांतवाश्याने आपल्याला वाचवलं, असं त्याने ‘यासेन कान्ना’ (१७५७) या पुस्तकात लिहिलं आहे. भेटीचं साल तो १७१० देतो, आणि हाकुयू तर १७०९ मध्येच वारला होता! तेव्हा गोष्टीत थोडं मीठमसाला असणारच. त्याहून गंमत म्हणजे त्यातला मुख्य उपाय बसून करायचा नाही. कोआन (ध्यानासाठी गुरूने दिलेलं कोडं) बाजूला ठेवायचं, झोपण्यापूर्वी पाय ताणून आडवं व्हायचं आणि सगळी शक्ती बेंबीखाली, कंबरेत, पायांत, तळव्यांत उतरवायची.

आजाऱ्यांसाठीचा हा उपाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निरोगी लोकांनीही उचलला. ओकादा तोराजिरो (१८७२–१९२०) यांच्या ‘सेइझा’ पद्धतीत श्वास सोडताना ओटीपोटात जोर भरायचा असे, आणि तोक्योत त्यांचा मोठा शिष्यवर्ग होता. सेकिदा कात्सुकी यांनी १९७५ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात याला शरीरशास्त्राची जोड दिली. श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकमेकांविरुद्ध ताणले गेले की विचारांची साखळी तुटते, असा त्यांचा दावा होता. पाश्चात्त्य वाचकांपर्यंत तांदेन पोचलं ते बरंचसं या वाटेने. दोगेनच्या सोतो पंथात मात्र आजही सांगतात, श्वास नाकाने शांतपणे चालू द्या, लांबवायच्या मागे लागू नका.