‘म्हातारपणी माणूस पडायचाच, त्यांना घरातच बसवा’: खुलासा

‘वय झालं की तोल जातोच, म्हणून आजी-आजोबांना एकटं बाहेर सोडू नका.’ हा संदेश काळजीपोटीच पुढे जातो. पण तो अर्धाच खरा आहे.

वयाबरोबर पडण्याचा धोका वाढतो, हे खरं. पण बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू आणखी अशक्त होतात, आणि धोका उलट वाढतो. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने तो कमी होतो. मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या, ओली मोरी या कारणांवर तर उपाय करता येतो.

राहिला रस्ता. इथे वॉर्ड ऑफिसचा संबंध येतो. आपल्याकडच्या रस्त्यांच्या मानकांनुसार फुटपाथ १५० मिमीपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, उंच नसावा. पट्टी लावून बघा. कित्येक ठिकाणी गुडघ्याला हात टेकल्याशिवाय चढता येत नाही. सिग्नलचंही तेच. १२ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा १० सेकंदांत ओलांडतो, ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना १५ लागतात. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो, ते उभं राहून मोजा. (मोजताना मागचा रिक्षावाला हॉर्न देणारच.)

आकडे आणि फोटो जोडून वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गावात असाल तर ग्रामसभेत विषय मांडा: उतार, कठडा, दिवा, आणि मध्ये टेकायला एक बाक.